उंबऱ्यावरचे पाय

दारव्ह्याच्या मिशनच्या शाळेत बालवर्गाला दार होतं, पण कडी नव्हती. कडीच्या जागी लाकडात चार भोकं उरली होती, आणि पोरांनी वर्षानुवर्षं बोटं घालून ती गुळगुळीत करून टाकली होती. फार मागं कधीतरी शाळा सुटल्यावर एक मूल आत झोपलेलं राहिलं आणि कोणीतरी बाहेरून कडी लावून घेतली. पोर सापडलं दिवस मावळताना. दुसऱ्या दिवशी हुस्नाबीनं सकाळी लवकर येऊन दगडानं ठोकून ती कडी उपटली, चर्चच्या विहिरीत टाकली आणि स्वतः उंबऱ्यात बसली. पाठ एका चौकटीला, पाय लांब करून तळवे दुसऱ्या चौकटीला. मरेपर्यंत, म्हणजे चोवीस वर्षं, ती तिथंच बसली.

एवढ्यानं भागत होतं. माणसाला ओलांडायचं नसतं हे इथल्या तीन वर्षांच्या पोरालाही घरून माहीत असतं. मग घर तांड्यावरचं असो, मोमिनपुऱ्यातलं असो, नाहीतर मिशनच्या क्वार्टरमधलं. लहान मुलाला ओलांडलं की त्याची वाढ खुंटते. मोठ्या माणसाला ओलांडलं की काय होतं ते कोणी सांगत नाही, त्यामुळं ते जास्तच भयंकर असणार. आईच्या नावानं हंबरडा फोडत दाराकडं धावलेलं पोर हुस्नाबीच्या पायांपाशी येऊन थबकायचं. तिथून पुढं वाट फक्त तिच्या मांडीवर होती.

कागदोपत्री ती आया. शाळा लहान, म्हणून हेडबाई सत्यशीला मॅडम बालवर्ग स्वतःच घ्यायच्या. पण जूनमध्ये आलेलं नवं पोर वर्गात टिकतं की नाही हे ठरायचं उंबऱ्यावर.

आता तिथं नसरीन बसत होती. हुस्नाबीची थोरली मुलगी, वय एकतीस, अमरावतीच्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात सहायक. जुलैच्या पहिल्या आठवड्यात आई गेली. चौथ्या दिवशी सत्यशीला मॅडम घरी आल्या, भावजय माहनूरनं दिलेला चहा तसाच हातात धरून बसल्या आणि म्हणाल्या, "नसरीन, दोन दिवस येऊन नुसती बस गं. काही करू नको. पोरं थांबत नाहीयेत."

दोन दिवसांचे सात आठवडे झाले.

पहिल्या दिवशी तिनं सोबत पुस्तक नेलं होतं. दोन पानं झाली नाहीत तोच एकानं पुस्तकावर चिखलाचा हात ठेवला आणि दुसऱ्यानं त्यातल्या चित्रांची चौकशी केली. चित्रं नाहीत म्हटल्यावर तो तिच्याकडं दयेनं पाहून निघून गेला. त्यानंतर तिनं पुस्तक नेलं नाही. बसल्या जागेवरून तिला अंगण दिसे, चर्चचा पत्र्याचा व्हरांडा दिसे, आणि फाटकापलीकडचा रस्ता. दहाच्या सुमाराला नेरवरून अमरावतीला जाणारी एसटी तिथून जायची. तिची पाटी वाचता येण्याइतकं अंतर होतं. तासाभरानं डाव्या मांडीत मुंग्या यायच्या, मग पाय बधिर व्हायचा. पोरं मधल्या सुट्टीत अंगणात पळायची, घसरगुंडीवरून पडायची, मुतायला जायची, दोन पळांसाठी तिनं पाय मुडपले की भुर्रकन बाहेर. सबंध वर्गात जागेवरून न हलणारं माणूस एकच होतं.

हुस्नाबीला पोरं दादी म्हणायची, आणि मॅडमनं त्यांना सांगितलं होतं, दादी गावाला गेली. कोणत्या गावाला ते सांगितलं नव्हतं. त्यामुळं नसरीनचं वर्गातलं नाव "दादीची पोरगी" असं पडलं होतं. दादी येईपर्यंत जागा धरून बसलेली बाई. नसरीनला हे नाव सोयीचं वाटायचं. मॅडमनं खोटं सांगितलं होतं खरं, पण वापरत तीही होतीच.

ग्रंथपाल बाईंनी तिची जागा दोनदा अडवून धरली होती. तिसऱ्यांदा म्हणाल्या, "शनिवारी अकरापर्यंत सांग. अकराला कागद प्राचार्यांकडं जातो. सोमवारी, एक तारखेला तू टेबलावर हवीस, नाहीतर माझ्या हातात काही राहत नाही." त्याला आता पाच दिवस उरले होते.

घरी धाकटा भाऊ नौशाद जेवता जेवता म्हणाला, "आपा, कायले जातं? इथं काय कमी हाये?" तो मोटारसायकली दुरुस्त करायचा, नखांतलं काळं ग्रीस जेवतानाही जात नसे.

"कमी काही नाही. माझं काम तिथं आहे."

"काम काय, पुस्तकावरची धूळच झटकतं ना तू? दुकानात चल, धूळच धूळ हाये."

माहनूर हसली. मग पोळी वाढता वाढता म्हणाली, "आपा, तुम्ही आहे तं घरात अम्मी असल्यासारखंच वाटते. यायलेही झोप लागते बरोबर." नौशाद ताटात पाहत राहिला. नसरीनच्या लक्षात आलं की सात आठवडे ती चुलीच्या डाव्या अंगाला, आईच्या पाटावर जेवत होती, आणि तिथं बस असं तिला कोणी सांगितलेलं नव्हतं.

गुरुवारी वर्षानं तिला ओलांडलं.

वर्षा तांड्यावरची, साडेचार वर्षांची. आई-बाप पुण्याला बांधकामावर, पोर आजीजवळ, धनीबाईजवळ. मागच्या वर्षी आली तेव्हा तिला घरची बंजारा गोरबोली सोडून काही येत नव्हतं. हुस्नाबीनं पंचवीस-तीस शब्द शिकून घेतले होते, चुकीचे बोलायची, आणि वर्षा रडायची थांबून तिच्या चुका काढायची. तिची मराठी अशी दुरुस्त्या करता करता आली.

गाण्याचा तास चालू होता. मॅडम टाळ्या वाजवत होत्या. वर्षा उठली, खुंटीवरची पिशवी काढून गळ्यात अडकवली आणि दाराशी आली. नसरीनला वाटलं, लघवीला जायचं असेल. ती पाय मुडपणार तेवढ्यात वर्षानं फ्रॉक जरा वर उचलला, एक पाय टाकला, मग दुसरा.

गाणं थांबलं. ओम ओरडला, "बाई! वर्षानं ओलांडलं!"

"उलटी ये! वर्षे, उलटी ये!" सगळा वर्ग किंचाळू लागला, कारण उलटं ओलांडलं की दोष जातो. "मागं ओलांड नं!"

वर्षानं मागं पाहिलं नाही. नसरीन उठायला गेली तर डावा पाय अंगाखाली नव्हताच. ती हातावर पडली, चौकटीला धरून उभी राहिली, आणि पाय फरफटत फाटकापर्यंत पोचली तेव्हा रस्त्यावर कोणी नव्हतं. एक सोयाबीनच्या फवारणीचा पंप बांधलेली मोटारसायकल गेली. पानटपरीवाल्यानं न विचारताच स्टँडकडं बोट केलं.

वर्षा आर्णीच्या जीपमध्ये दोन बायांच्या मधोमध बसलेली होती. मांडीवर डबा, न उघडलेला. जीपवाला विक्की टपावरून गोणी बांधता बांधता म्हणाला, "हे तुमची का मॅडम? म्हणते दादीच्या गावाले जायचं हाये. म्या म्हटलं कोन्तं गाव, तं म्हणते तुले नाई माहीत? दहा वर्षं झाले गाडी चालवून राह्यलो, पह्यल्यांदाच कोनी माही परीक्षा घेतली." मग नसरीनचा चेहरा पाहून त्याचा आवाज उतरला. "म्या नेलं नसतं तिले. तुमच्या शाळेचा फ्राक पाह्यला ना म्या."

परत येताना वर्षानं एकच विचारलं. "दादी येत काहून नाई?"

नसरीनच्या पायात आता रक्त उतरत होतं आणि प्रत्येक पावलाला सुया टोचत होत्या. त्या निमित्तानं तिनं उत्तर दिलं नाही.

सुट्टीनंतर मॅडमच्या खोलीत ती म्हणाली, "मॅडम, पोरांना खरं सांगायला पाहिजे."

सत्यशीला मॅडम चष्मा पुसत होत्या. "चार वर्षांची आहेत गं ती. काय सांगणार?"

"आई वारली म्हणून."

"आणि मग रडली तर?"

"आज जीप सुटली असती तर आपण रडलो असतो."

मॅडमनं चष्मा डोळ्यांवर चढवला. "मी एवढ्या वेळा चर्चमध्ये लोकांना धीर दिलाय. कबरीजवळ उभी राहून बोललेय. पण हुस्नाबीचं मला नाही सांगता आलं. माझ्या तोंडून गाव आलं." मग म्हणाल्या, "तू सांग. पण तू सोमवारी जाणार. मागं राहणार मी आणि ही तीस पोरं, एवढं लक्षात घेऊन सांग."

शुक्रवारी प्रार्थना झाल्यावर नसरीन उंबऱ्यात बसली, पण तोंड आत करून. मॅडम फळ्याजवळच्या खुर्चीत बसल्या. काय म्हणायचं ते तिनं घरी चार-पाच प्रकारे ठरवून पाहिलं होतं. मृत्यूविषयी तिनं वाचलेलं बरंच होतं, आणि त्यातलं काहीच इथं चालणारं नव्हतं.

"दादी गावाला गेलेली नाही," ती म्हणाली. "दादी वारली. फार आजारी झाली आणि वारली."

"म्हंजे मेली?" ओमनं विचारलं.

"हो."

मग साद, नसरीनच्याच गल्लीतला, शांतपणे म्हणाला, "मले माहीत होतं. माह्या अब्बानं खांदा देल्ता."

"मग सांगितलं का नाहीस रे?" मॅडम खुर्चीतून म्हणाल्या.

"तुम्हीच म्हणे ना, गावाले गेली. म्या म्हटलं, मेल्यावर गेली असन."

"आमच्या बुढ्याले जाळलं," ओम म्हणाला. "दादीले जाळलं का?"

"नाही. मातीत ठेवलं."

"वरून माती टाकली?"

"हो."

"तोंडात जाईन ना मंग!"

"आधी फळ्या ठेवतात," नसरीन म्हणाली. "तोंडात नाही जात."

"तू पाह्यलं?" हे वर्षानं विचारलं. इतका वेळ ती बोलली नव्हती.

"नाही. आमच्यात बायका तिथं जात नाहीत."

"मंग तुले काय माहीत?"

सात आठवड्यांत कोणी नसरीनला हे विचारलं नव्हतं, आणि तिनंही विचारलं नव्हतं. दर शुक्रवारी नौशाद जाऊन यायचा, दारात चपला काढायचा, त्यांना तिकडची लाल माती असायची. तेवढंच तिनं पाहिलेलं होतं.

"माझ्या भावानं सांगितलं."

"तो खरं बोलते?"

"बहुतेक वेळा."

वर्षा विचार करत राहिली. ती रडली नाही. मागच्या ओळीतली दोघं-तिघं रडली, पण एकानं दुसऱ्याचं पाहून, आणि थोड्या वेळानं थांबली. मग कोणीतरी विचारलं, "आता दारात कोन बसन?"

"हे बसून तं राह्यली," ओम म्हणाला.

"हे दादी नाई. दादीची पोरगी हाये."

"दादी मेली ना? मंग आता हेच दादी."

सादलाही ते पटलं. त्याच्या घरी आजोबा गेल्यावर दुकानाच्या गादीवर अब्बा बसले होते. हे असंच असतं. तीस पोरांनी पाच मिनिटांत निकाल देऊन टाकला आणि मॅडमनं मणी मोजायला काढले. नसरीन काहीतरी म्हणाली, मी सोमवारी अमरावतीला चाललेय, असं. पण तोवर लाल मणी कोणाचे यावरून भांडण लागलं होतं. दादी गावाला होती तोवर नसरीन पाहुणी होती, उठून जाऊ शकत होती. ते गाव तिनं स्वतःच्या हातानं पुसलं होतं.

शाळा सुटल्यावर फाटकातून कोणीतरी ओरडलं, "दादी, जातो वो!" नसरीननं मागं वळून पाहिलं. अंगणात तिच्याशिवाय कोणी नव्हतं.

शनिवारी सकाळची शाळा. ती बॅग भरून ठेवूनच घरून निघाली होती. बॅग माहनूरनं दाराआड ठेवली, नौशाद दुकानात गेला. शाळेच्या फाटकात धनीबाई उभी होती. एका हाताला वर्षा, दुसऱ्या हाताला एक आणखी लहान पोरगी, नाक वाहणारी, तीनचीही नसेल.

"बाई, तू पोरीले खरं सांगतलं," धनीबाई म्हणाली. "बरं केलं. लय इचारलं तिनं घरी, पर आज जीपचं नाव नाई काहाडलं. आता हे पाह्य. हे आमच्या शेजारच्या लालीबाईची नात. हिची याडी पुण्याले हाये, कामावर. सारे हिले सांगून राह्यले, येते येते, उद्या येते. हे रोज रस्त्यावर जाऊन बसते. तू सांग हिले, कवा येते ते."

"मी? आजी, मला काय माहीत तिची आई कधी येणार ते?"

"मंग माहीत करून घे आन सांग. वर्षा म्हणते तू खरं बोलतं."

"आजी, ऐका. मी आज शेवटची आलेय. सोमवारपासून मी इथं—"

धनीबाईनं लहान पोरीचा हात तिच्या हातात देऊन टाकला होता. "गाडी भरून राह्यली माही," ती म्हणाली आणि झपाझप निघालीही.

साडेदहा वाजता मॅडमनं वर्गाला सांगितलं की दादीची पोरगी आज आपला निरोप घेणार आहे. त्या अगदी नीट बोलल्या. अमरावती कुठं आहे, तिथं किती पुस्तकं आहेत, दिवाळीला ती आपल्याला भेटायला येईल. पोरांनी ऐकून घेतलं. ओमनं विचारलं, "दिवाळी जवळ हाये का?" मॅडम म्हणाल्या, जवळ आहे. "नक्की जवळ हाये, का गावासारखी?" मॅडमनी खडू उचलला आणि परत ठेवला.

पावणेअकराला नसरीन फोन करायला उठली. अंगणात फाटकाजवळ बोलायचं, एकच वाक्य, येतेय म्हणून. ती मोबाईल शोधायला पिशवीशी वाकली, आणि वळली तेव्हा उंबऱ्यात वर्षा बसलेली होती.

चौकटीला पाठ, पाय लांब. पण पाय समोरच्या चौकटीपर्यंत पुरत नव्हते. वर्षानं ओमला बोलावलं. ओम समोरून बसला. दोघांचे तळवे मध्ये एकमेकांना टेकले आणि दार बंद झालं. त्याआधीच बाहेर सटकलेला साद मग त्यांच्या मागं पायरीवर बसला, त्याच्यासमोर बाहेरचाच आणखी एक. मॅडमना हसू आलं. मग त्यांनी नसरीनकडं पाहिलं आणि फळ्याकडं तोंड फिरवलं.

"सरका," नसरीन म्हणाली.

"नाई."

"मला फोन करायचाय."

"इथूनच कर ना," ओम म्हणाला. "आम्ही नाई आयकत."

"मी ओलांडून जाईन हं."

ओमचा चेहरा उतरला. "मंग आम्ही असेच राहू. बुटके."

गुरुवारी वर्षानं स्वतः हे केलं होतं; काय लागतं ते तिला ठाऊक होतं. ती फक्त वर, नसरीनच्या तोंडाकडं पाहत होती.

वीतभर उंचीचे पाय. गुडघ्यांवर खरवडल्याच्या खपल्या, घोट्याला काळा दोरा. नसरीननं पाय उचलला. तिचा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता, कधीच नव्हता. पण त्यांचा होता, आणि पुढं जेव्हा जेव्हा कोणी त्यांना भिंतीला उभं करून उंची मोजेल तेव्हा त्यांना हा पाय आठवेल. तिनं तो परत खाली ठेवला. आतल्या बाजूला.

अकराला सात मिनिटं होती. तिनं तिथूनच फोन लावला.

"बोल नसरीन," ग्रंथपाल बाई म्हणाल्या. "सोमवारी येतेस ना?"

"मॅडम, मला उशीर होईल."

"किती? एक-दोन दिवस सांभाळून घेते मी."

लालीबाईची नात तिच्या ओढणीला नाक पुसत होती. नसरीननं उत्तर शोधून पाहिलं. दिवाळी म्हणून पाहिलं, मनात. मार्च म्हणून पाहिलं. दोन्ही उत्तरं सत्यशीला मॅडमच्या त्या गावासारखी वाटली.

"सांगता येत नाही," ती म्हणाली.

"असं नाही गं चालत. मग मला दुसऱ्या मुलीला कळवावं लागेल."

"कळवा."

पलीकडं कपाटाचं दार वाजलं. "तुझी दोन-चार पुस्तकं आहेत इथं कपाटात."

"राहू द्या."

"बरी आहेस ना?"

"हो," नसरीन म्हणाली, आणि शुक्रवारपासून खरं बोलण्याची जी सवय लागू पाहत होती ती तिथं जरा मोडली.

तिनं मोबाईल पिशवीत टाकला. पोरांनी खरोखरच ऐकलं नव्हतं. पायरीवर साद आणि त्याचा जोडीदार एकमेकांना चिमटे काढत होते. वर्षा मात्र उठली. फ्रॉकची मागची धूळ झटकली आणि रिकाम्या जागेकडं हात केला. "बस," ती म्हणाली. "जागा गरम हाये."

नसरीन बसली. पाठ चौकटीला लावली, पाय सरळ केले. लालीबाईची नात तिच्या गुडघ्यापाशी येऊन उभी राहिली, तोंडात बोट घालून, आणि तिच्याकडं पाहत थांबली.

"तुझ्या याडीचा नंबर आहे का गं कोणाकडं?" नसरीननं विचारलं.

पोरीनं मान हलवली. ती हो होती की नाही, ते कळत नव्हतं.